घरी सापडली तेवढीच माणसं

तिच्या धारदार जिभेमुळे गल्लीत तिला सगळे करवत म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. नवरा गेल्यावर तिने खानावळीतली भांडी घासून घर चालवलं आणि धाकट्या दिराला पोटच्या पोरासारखं वाढवलं. दीर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या कारखान्यात लागला. वर्षभरात त्याच्या पोटात कळा यायला लागल्या, हात थरथरायला लागले.

आरोग्य खात्याचे लोक वस्तीतल्यांच्या रक्तातलं शिसं तपासायला भरदुपारी आले, तेव्हा घरात ती एकटी होती.

"माझं काय घेता? दिराचं घ्या. संध्याकाळी या."

"संध्याकाळी आमची ड्युटी नसते," त्यांच्यातली नर्स म्हणाली आणि तिच्याच दंडाला पट्टा बांधला. शेजारीपाजारीही म्हातारी माणसं आणि बायकाच सापडल्या.

अहवाल आला. वस्तीतल्या लोकांच्या रक्तात शिशाचं प्रमाण काळजी करण्यासारखं नाही म्हणे. मालकाने तो कारखान्याच्या फाटकावर चिकटवला. मास्क मागायला आलेल्या कामगारांना तो नुसता तिकडे बोट दाखवायचा.

ती तडक आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"शिसं वितळवणारे कामावर, आणि रक्त घेतलंत आम्हा घरी बसलेल्यांचं. त्यावरून अख्खी वस्ती ठणठणीत?"

"जे भेटले त्यांचंच घेणार ना आम्ही," तो मान वर न करता म्हणाला. "कामगारांना पाठवा की इकडे."

ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. नोकरीच्या भीतीने कामगारांनी तोंडं फिरवली. एकाने तर तिला हाकलून लावलं. दीर घरी येऊन तिच्यावर उखडला.

"वहिनी, माझ्या पोटावर पाय देऊ नकोस."

"पाय तुझा मालक देतोय. तू त्याचेच पाय धरतोस."

तिच्या रोजच्या कटकटीला वैतागून शेवटी तो रक्त तपासायला देऊन आला. शिसं भरमसाट निघालं. मालकाला कळलं आणि त्याने दिराला काढून टाकलं. ती पुन्हा अधिकाऱ्याकडे गेली.

"एकट्याच्या रक्तावरून कारखान्याबद्दल काय ठरवणार?" तो म्हणाला.

"आमच्या रक्तावरून बरं ठरवलंत."

"बाई, बाहेर रांग आहे."

दीर कपडे भरून मित्राच्या खोलीवर राहायला गेला. कारखान्यातलं काम सुटल्यावर त्याचे हात हळूहळू स्थिर झाले, हे तिला दुसऱ्यांकडून कळलं. तिच्याशी तो अजून बोलत नाही. तिनेही निरोप धाडलेला नाही.