भाजीच्या वेबसाइटवरचं आवतण

'ती घटना आजही आठवते' असं म्हणायची आम्हा निवृत्त पोलिसांना खोडच असते. खरं सांगायचं तर निम्म्या घटना मी विसरलो आहे. चोऱ्या, मारामाऱ्या, शेताच्या धुऱ्यावरून फुटलेली डोकी, सगळं एकमेकांत मिसळून गेलं. हिंगणीच्या भाजीवाल्यांचं प्रकरण तेवढं वेगळं राहिलं, कारण त्यांचं गिऱ्हाईक मी अजूनही आहे.

नोकरीची शेवटची वर्षं मी वर्ध्याला सायबर शाखेत काढली. मला मोबाइलवरचा फोटो धड पुढे पाठवता येत नसे आणि नेमणूक नेमकी तिथे. पण हाताखाली एक महिला शिपाई होती, कॉम्प्युटर शिकून पोलिसांत आलेली. यंत्र तिने बघायचं, माणूस मी बघायचा, अशी आमची वाटणी होती.

पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे पोरांचा तान्हा पोळा होता. बाकीचा स्टाफ बंदोबस्ताला गेला होता. शाखेत आम्ही दोघंच असताना हिंगणीच्या भाजीवाल्यांच्या गटाचे अध्यक्ष लेखी तक्रार घेऊन आले. या गटाची वेबसाइट होती. वर्ध्यालगतच्या पिपरी मेघेतल्या लोकांनी संध्याकाळी त्यावर भाजी मागवायची आणि सकाळी गाडीने ती घरपोच यायची. पूर्वी बैलगाडीने माल रस्त्यापर्यंत येई आणि पोळ्याला बैलांना सुट्टी म्हणून भाजीही बंद असे. आता टेम्पो आला होता, म्हणून यंदा पोळ्यालाही भाजी मिळेल असं अध्यक्षांनी जाहीर केलं होतं. पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वेबसाइट आपोआप बंद झाली. भाज्यांच्या जागी एकच ओळ आली: 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.'

ही ओळ आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ असते. पोळ्याच्या आदल्या दिवशी पळसाच्या पानाने बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप लावतात आणि हेच शब्द म्हणून त्याला जेवणाचं आमंत्रण देतात. अध्यक्षांचं म्हणणं असं, की कोणीतरी आत घुसून सगळ्या गटाला बैल म्हटलं. हसू दाबून मी तक्रारीची नोंद घेतली.

निघताना ते परत वळले आणि हळूच म्हणाले, की नाव लिहिलं नाही, पण काम त्या पोरीचंच आहे. ही पोरगी गटातल्याच एका शेतकऱ्याची एकुलती लेक. वेबसाइट तिनेच उभी केली होती. मग तिने आपल्या मर्जीने लग्न केलं. बापाने सांगितलं, माझ्या दारात पाय ठेवू नको, आणि ती गेली. त्यानंतर वेबसाइटचं काम आर्वीच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडे दिलं होतं.

शिपाईने दोन दिवस सर्व्हर तपासला आणि मला समजावून सांगितलं. वेबसाइटच्या पानात मधे मधे कोड लिहिलेला असतो. सर्व्हरने तो आधी चालवायचा आणि तयार झालेलं पान तेवढं गिऱ्हाइकाला द्यायचं. पण तसं सर्व्हरला सांगून ठेवावं लागतं. आर्वीवाल्याने वेबसाइट नव्या सर्व्हरवर नेली आणि तेवढंच सांगायचं विसरला. मग सर्व्हरने पाहुण्याला भाकरीऐवजी पीठ आणि तवा हातात द्यावा तसा कोड जसाच्या तसा लोकांपुढे टाकला. त्यातच आतला पासवर्ड होता. शेकडो घरांचे पत्ते आणि फोन नंबर कोणालाही उचलता आले असते.

पुढचं तिने सांगितलं ते मजेशीर होतं. कोणीतरी आत आलं होतं खरं, पण नेलं काहीच नव्हतं. सर्व्हरला नीट सांगून ठेवलं, पासवर्ड बदलून लोकांच्या नजरेआड ठेवला, नवा पासवर्ड आर्वीवाल्याला कळवला आणि जाता जाता पानात एक अट घातली, की पोळ्याला दुकान बंद आणि वर ती ओळ. आर्वीवाल्याने दुरुस्ती गुपचूप आपल्या नावावर खपवली होती. घरात शिरून झाडून जाणारा चोर मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

आत आलेलं कनेक्शन कोणाचं, हे विचारायला इंटरनेट कंपनीला पत्र गेलं. उत्तर येईपर्यंत मी मुलीच्या वडिलांना बोलावून घेतलं. सडसडीत, उन्हाने रापलेला माणूस. खुर्ची दिली तरी कडेवरच टेकला. मुलगी कुठे असते, फोन येतो का, गटावर तिचा राग होता का, सगळं विचारून झालं. प्रत्येक वेळी एकच उत्तर, मले माहीत नाई. खोटं बोलणारा माणूस काहीतरी जास्तीचं सांगतो. हा तर सांगतच नव्हता. शेवटी मी शिपाईला ते पान दाखवायला सांगितलं.

ते पुढे वाकले. ओठ हलवत ती ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"जिती हाये म्हना," ते म्हणाले.

मग तेच सांगू लागले. गावात बैलाला आवतण घरचा पोरगा देतो. यांना पोरगा नव्हता. बैलाच्या खांद्यापर्यंत हात पुरत नव्हता तेव्हापासून आवतण ही मुलगीच द्यायची. ती गेल्यापासून खांद्याला हळद लागायची, पण ते शब्द कोणी म्हणत नव्हतं.

"मले म्हनताच येत नाई, साहेब. तोंडच उघडत नाई."

कंपनीचं उत्तर नंतर आलं. पत्ता पुण्याचा होता, कनेक्शन जावयाच्या नावावर. पण माझा तपास त्या टोपीपाशीच संपला होता.

नोटीस मिळताच मुलगी आली. जबाबात काहीच लपवलं नाही. घरची आठवण आली की ती ही वेबसाइट उघडून बसायची. आज वांगी आली, म्हणजे विहिरीला पाणी आहे. मेथी आली, म्हणजे बाबा बरे आहेत, कारण मेथी तेच लावतात. एक दिवस उघडली तर भाजीच्या जागी कोड.

"कोनाले विचारून आत गेली?" मी दरडावलं.

"आपल्या घराचं दार सताड उघडं दिसलं तं कोनाले विचारतो आपन? कडी लावतो." मग तिचा आवाज उतरला. "दुकान बंद केलं ते चुकलं, साहेब. पन पोळ्याले घरी आवतन द्याले कोनी नव्हतं."

गुन्हा दाखल होतो की नाही, यावर त्या मुलीचं सगळं पुढचं अडलं होतं. परवानगीशिवाय आत जाणं कायद्यात बसत नाही, आणि अध्यक्ष हट्टाला पेटले होते. मी त्यांना शांतपणे सांगितलं, की गुन्हा जरूर दाखल करू, पण पहिल्याच ओळीत लिहावं लागेल की लोकांचे पत्ते आणि नंबर कोणाच्या कारभारात उघड्यावर पडले. अध्यक्षांचा आवाज एकदम खाली आला. पोळ्याला सुट्टी असलेली काय वाईट, असंही त्यांना तिथेच सुचलं. त्यांनी तक्रार लेखी मागे घेतली.

वडील बाहेर बाकावर बसले होते. मुलगी बाहेर आली आणि चार हातांवर थांबली. पुढे जावं की नको, तिला कळेना. ते उठले. मला वाटलं, आता हा माणूस रडेल किंवा शिव्या देईल. त्यांनी तिच्या खांद्यावर तळवा ठेवला आणि हळद चोळावी तसा हळूहळू फिरवला.

"आज आवतन घे," ते म्हणाले. "उद्या जेवाले येजो. जवायबापूले बी आनजो."

माझी शिपाई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी उगाच स्टेशन डायरी चाळली.

आता मी पिपरी मेघेत राहतो आणि भाजी त्याच वेबसाइटवरून मागवतो. ठाण्यातली हजेरी, वायरलेसची खरखर, वेळी-अवेळी येणारा चहा, या सगळ्याची आठवण येते. बायको म्हणते, तिकडे होता तेव्हा घरची यायची का? या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, की गेलेलं माणूस बऱ्याचदा दाराच्या बाहेरच उभं असतं आणि आतला माणूस त्याने ठोठावण्याची वाट बघत बसतो. तसं बसू नये. आपण हाक मारावी.

माझा मुलगा कॅनडात आहे. दरवर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वेबसाइट बंद होते आणि ती ओळ येते. त्या मुलीचं माहेर पुन्हा सुरू झालं, वेबसाइटही पुन्हा तीच बघते, तरी तिने ती ओळ काढलेली नाही. ओळ दिसली की मी मुलाला फोन लावतो आणि उद्या जेवायला ये म्हणतो. तो हसतो. म्हणतो, बाबा, उद्या कसा येणार?

मी म्हणतो, ते तू बघ. आम्ही ताट वाढून ठेवतो.