तिळाएवढ्या शंखाचं बारसं

टिपणीस सरांचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "तो समुद्रातल्या गोगलगाईचा किस्सा सांगा ना!" मी विचारतो, कुठला? एक असेल तर सांगू! कर्जतहून समुद्र गाठायचा म्हटलं तर अर्धा दिवस मोडतो, पण आमच्याकडे त्या गोगलगाईचे किस्से एवढे साठलेत की ऐकणाऱ्याचा चहा गार होतो.

साठ-पासष्टच्या सुमाराची गोष्ट. सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, मी चित्रकला. ते राहायला भिसेगावात, मी दहिवलीत. सरांना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. एकदा मला म्हणाले, "चित्रकार, जन्मभर दुसऱ्यांनी ठेवलेली नावं फळ्यावर लिहिली. एका तरी जिवाचं नाव आपण ठेवावं, एवढंच मनात आहे." हे हसत म्हणाले, पण मला ते लागलं.

*

वहिनींचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा भाऊ लखदीव, म्हणजे आताच्या लक्षद्वीप बेटांवर दीपगृहात नोकरीला होता. दिवाळीच्या तोंडावर त्याच्याकडून पार्सल आलं. पत्र्याचा भला मोठा डबा, वर बिस्किटांचं चित्र. वहिनींनी कौतुकाने दोन शेजारणींना बोलावून तो उघडला.

आत वाळू! पोवळ्याच्या खडकांतली, पांढरीशुभ्र. सरांनी मेव्हण्याला गुपचूप पत्र लिहून मागवलेली. तिच्यात बारीक शंख मिळतात म्हणे.

वहिनी म्हणाल्या, "भाऊबीजेला वाळू पाठवणारा भाऊ जगात मला एकटीलाच मिळाला असेल!"

सर म्हणाले, "ते राहू दे. मैद्याची चाळणी कुठाय?"

चाळणी दुपारपुरती नेतो म्हणाले होते. त्या दिवाळीत शंकरपाळे जरा कचकचीत झाले, आणि त्यानंतर वहिनींनी ती चाळणी परत मागितली नाही.

*

चारेक महिन्यांनी सर माझ्या दारात उभे. हातात औषधाची बाटली, बाटलीत कापूस, कापसावर तिळाएवढा एक शंख. भिंगातून पाहिलं तर त्याच्या तोंडाशी, आतल्या बाजूला, एक चिमुकला दात. तसा शंख सरांना कुठल्याच पुस्तकात सापडला नव्हता.

"चित्रकार," सर कुजबुजले, "हिला नाव नाही!"

"मग बारसं करा की!"

"तुमच्या चित्राशिवाय कसं करू?"

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून आठ दिवस बसलो. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने काढलं आणि शाईने पक्कं केलं. परदेशात या विषयातले एक मोठे जाणकार होते, त्यांना सरांनी पत्रासोबत ते पाठवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. गृहस्थ चाट पडले होते. शंखाची वळणं उलटी! असा शंख या कुळात आजवर कोणी पाहिलाच नव्हता!

सरांनी शंख पाहिला. मग माझं चित्र पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी शाई कागदाच्या पाठच्या बाजूने भरली होती.

सरांनी त्यांना लगेच कळवलं, "शंख सुलटा आहे. आमचे चित्रकार उलटे आहेत."

*

पण तोवर ही बातमी बाजारपेठेत पोचली होती. उलट्या वळणाचा शंख म्हणजे दक्षिणावर्ती, घरात असला की लक्ष्मी नांदते! किराणा दुकानाचे मालक आंघोळ करून, फुलं-नारळ घेऊन सरांकडे हजर. सर समजावून दमले. शेवटी म्हणाले, "बघा बुवा एकदाचं." मालकांनी भिंगातून पाहिलं, हात जोडले आणि विचारलं, "सर, फुंकायचा कुठून?"

*

जाणकारांचं दुसरं पत्र मात्र हसण्यासारखं नव्हतं. एकाच शंखावर नवी जात ठरत नाही, तो एखादा वेडावाकडा वाढलेलाही असू शकतो, आणखी नमुने गोळा करा. आता आणखी कुठून आणायचे? मेव्हण्याची बदली झालेली. घरात उरली अर्धा डबा वाळू, आणि सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सुईने एकेक कण सरकवताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. मला बघवायचं नाही.

कडावच्या हिराबाई त्यांच्याकडे दूध घालायच्या. सुगीनंतर वर्षाचे तांदूळ निवडायलाही त्याच बसायच्या. दोन दिवस त्यांनी सरांचा तो उद्योग पाहिला आणि तिसऱ्या दिवशी राहवेना.

"मास्तर, असं सुईनं येचून काय व्हतं? आना इकडं."

सर दचकले. "अहो हिराबाई, त्यातलं काही सांडलं तर..."

"चाळीस वरसं तांदूळ निवडते मी. कुनाच्या दाताखाली खडा आला काय?"

पांढऱ्या वाळूला ताट नको, काळी पाटी हवी, हेही त्यांनीच ठरवलं. बाटलीतला शंख एकदा नीट बघून घेतला, मग चिमूटभर वाळू पाटीवर पसरायची आणि एका बोटाने भराभर बाजूला सारायची. भिंग नाही, काही नाही. चार दुपारी बसल्या आणि अकरा शंख काढले. वर्तमानपत्राच्या कागदाच्या दोन पुड्या बांधून सरांच्या हातात दिल्या. सरांना एवढा आनंद झाला की दोन्ही पुड्या त्यांनी तिथल्या तिथे एकाच बाटलीत रिकाम्या केल्या.

*

मग नावाची धांदल. दुकानवाले म्हणाले, लक्ष्मी ठेवा. मी माझं नाव सुचवून पाहिलं, तर सर म्हणाले, "ठेवलं असतं, पण मग शंख उलटा निघायला हवा." सरांच्या मनात वहिनींचं नाव होतं, पण ते सरळ सांगतील तर ना! म्हणाले, "अगं, तोंडाशी दात आहे. तुझंच नाव शोभेल."

"खबरदार!" वहिनी कडाडल्या. "माझं नाव गोगलगाईला? तेही दात असलेल्या?"

तेव्हा सरांनी हिराबाईंच्या नावाला लॅटिन लुगडं नेसवलं आणि लेख धाडून दिला. वर्षभराने तो छापून आला. वहिनींनी तो हातात धरून नुसतं नाव तेवढं चार वेळा वाचलं आणि आत गेल्या. पुढचे दोन दिवस आम्हाला बिनसाखरेचा चहा मिळाला.

*

तोवर सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. एका सकाळी हिराबाई दूध घालून निघाल्या, तेव्हा सरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि माझं चित्र पुढे धरलं. या वेळी सुलटं!

"हिराबाई, हा तुमच्या नावाचा शंख."

हिराबाईंनी चित्र लांब धरून पाहिलं. "दातवाला व्हय? आनि बिनदाताचा कुटं हाय?"

"कुठला बिनदाताचा?"

"दोन पुड्या दिल्या व्हत्या ना तुमाला? एक दातवाल्यांची, एक बिनदातांची."

सर हसले. "अहो, ती पिल्लं. दात यायचे होते त्यांना. तसं लिहिलंय मी लेखात."

"पाटी आना."

सरांनी बाटली पाटीवर ओतली. हिराबाईंच्या बोटाने क्षणात दोन ढीग केले. इकडे पाच, तिकडे सहा.

"आता बगा मास्तर. ही तुमची पिल्लं आयेपेक्षा मोटी कशी वो?"

सर नव्या चष्म्याने वाकून बघत राहिले. पाच बारीक, दात असलेले. सहा चांगले दीडपट, आणि दाताचा पत्ता नाही. छापलेला लेख उघडून त्यांनी ती पिल्लांची ओळ पुन्हा वाचली. एवढ्या वर्षांची खटपट, आणि त्यात ही चूक!

मग सरांनी हळूच मान वर केली. चेहरा असा की माझ्या दारात बाटली घेऊन आले होते तो दिवस आठवला.

"चित्रकार," ते म्हणाले, "हिला नाव नाही!"

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. वहिनी पदराला हात पुसत दारात आल्या.

"हिला दात नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग ठेवा माझं."