अध्यक्षांना विचारलेला प्रश्न

तेव्हा मी अमेरिकन आर्मीत सार्जंट होतो. बटालियन परदेशात गेली होती. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मी अमेरिकेतच मागे राहिलो. काम साधं होतं: हजेरी, स्टोअर, फोन. मग हल्ल्याची बातमी आली आणि मला ऑर्डर मिळाली. आमच्या बटालियनमधला, स्पेशालिस्ट हुद्द्याचा निखिल त्यात मारला गेला होता. त्याचे आईवडील पिस्कॅटवेचे, मराठी. शवपेट्या जिथे उतरणार होत्या, त्या एअरबेसवर मी त्यांच्यासोबत थांबायचं होतं.

वेटिंग रूममध्ये काका खुर्चीत बसून होते. काकू बसेचनात. खिडकीपाशी जायच्या, परत दाराकडे यायच्या. विमानाला उशीर होत होता. अध्यक्ष स्वतः येणार असल्याचं कळलं.

"ते स्वतः कधी लढलेत का रे?" काकूंनी विचारलं.

मला ठाऊक होतं ते सांगितलं. खाणकामगाराचा मुलगा. तरुणपणी लेफ्टनंट, एका लढाईत बरोबरची बरीच माणसं गमावली. मग वकील, गव्हर्नर. एकदा निवडणूक हरले, पुढच्या खेपेला अध्यक्ष झाले.

"म्हणजे त्यांना माहीत होतं," काकू म्हणाल्या. "आणि तरी पाठवलं."

दारातल्या शिपायाच्या वायरलेसवर आवाज आला, "स्टँड बाय. आत येताहेत."

अध्यक्षांनी काकांचा हात हातात घेतला. काकूंना इंग्रजी उत्तम यायचं. त्या दिवशी मात्र माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "विचार त्यांना. माहीत असताना पाठवायच्या ऑर्डरवर सही कशी केली?"

अध्यक्षांच्या मागे उभ्या असलेल्या एका कर्नलना भाषा कळली नाही, सूर कळला. त्यांनी मला मानेनंच 'नको' म्हटलं. समोर माझे सर्वोच्च कमांडर होते. मी प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत सांगितला.

अध्यक्ष काकूंकडे वळले.

"माझी गेलेली माणसं आठवली, मॅडम," ते म्हणाले. "तरी केली. बरोबर केलं का, मला अजून कळत नाही."

"खोटं तरी नाही बोलले," काकू मला म्हणाल्या आणि दाराकडे निघाल्या. विमान उतरलं होतं.

गेल्या हिवाळ्यात ते माजी अध्यक्ष वारले. अल्फारेटातल्या घरी मी टीव्हीवर त्यांचं आयुष्य पाहिलं: खाण, युद्ध, निवडणुका, करार. तो हल्ला एका वाक्यात आटोपला. मला बसवेना. मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालू लागलो.

"बाबा, डिड यू नो हिम?" मुलीनं विचारलं.

"एकदा भेटलो होतो," म्हटलं आणि टीव्ही बंद करून तिला निखिलबद्दल सांगितलं. पुश-अप्स तो मराठीत मोजायचा. त्याच्या तुकडीतले ऑर्टेगा आणि विल्यम्स त्याच्याकडूनच शिकले, आणि पंधरानंतर हमखास चुकायचे. हल्ला झाला तेव्हा तिघं एकाच गाडीत होते. एकाच विमानातून परत आले.