वहिनीचा मसाला, माझी जीभ

आधीच सांगून ठेवते, मी नणंद आहे. वहिनीचं कौतुक माझ्या तोंडून सहजासहजी निघत नाही. निघालंच तर समजावं की काहीतरी तसंच मोठं घडलंय. घरात मला सगळे 'परीक्षक' म्हणतात. म्हणू देत. भाजी अळणी असली की मी अळणी म्हणते, चहा पाणचट असला की पाणचट म्हणते. समोरच्याला बरं वाटावं म्हणून मुकाट गिळणाऱ्यांतली मी नव्हे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आमच्या चौकातल्या थिएटरमध्ये ती पॉपकॉर्नचा काउंटर चालवते. लोक आत शिरले की सिनेमाचं पोस्टर नंतर बघतात, आधी तिच्या पाटीवर आज कुठला मसाला आहे ते वाचतात. मसाले सगळे घरचे. टोमॅटोच्या साली वाळवून केलेली पूड, लिंबाच्या सालीची पूड, भाजून वाळवलेला लसूण, जिरं, मिरी, तिखट. गोडखाऊ मंडळींसाठी दालचिनी, कोको आणि पिठीसाखर. आमच्या गच्चीवर कपडे कमी आणि साली जास्त वाळतात. एकदा तिनं टोमॅटोच्या साली माझ्या पांढऱ्या चादरीवर पसरल्या होत्या. त्यावरून आमचं जे काही वाजलं, ते सगळ्या बिल्डिंगनं ऐकलं.

तिचा एकच हट्ट. मसाला पॉपकॉर्नला चिकटला पाहिजे. "जाडं मीठ घरंगळतं हो वन्सं," ती म्हणायची, "वरचे घास फिके आणि तळाशी नुसता खारट ढीग." म्हणून मीठसुद्धा ती मिक्सरमधून काढायची, मग पातळ फडक्यातून चाळायची, मग चिमटीत चोळून बघायची. बोटाला कण लागला की परत मिक्सर. मिक्सरच्या आवाजानं माझं डोकं उठायचं. शो सुटला की ही बाई कचऱ्याच्या डब्यातल्या रिकाम्या पिशव्या काढून त्यांचे तळ बघायची! तळाशी मसाला दिसला की दिवसभर तोंड पाडून बसायची.

यंदाच्या थंडीत घरातले सगळे तापानं आडवे झालो. सगळे उठलो, वहिनीही उठली. पण तिचा ताप जाताना काय घेऊन गेला, ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. ते पकडलं मी.

तिचे मसाल्याचे डबे सगळे एकसारखे, आणि एकावरही चिठ्ठी नाही. झाकण काढून हुंगलं की तिला कळायचं, मग चिठ्ठ्या कशाला? त्या सकाळी मी ओट्याशी चहा घेत होते. वहिनीनं एक डबा उघडला, हुंगला, ठेवला. दुसरा उघडला, हुंगला, ठेवला. मग पुन्हा पहिला. शेवटी त्यातली चमचाभर तपकिरी पूड तिनं टोमॅटोच्या मसाल्यात घातली आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. मी बोट लावून चाटलं.

"अगं ए! हा मसाला आहे की खोकल्याचा काढा? लसणात दालचिनी कोण घालतं?"

जिरं समजून दालचिनी पडली होती. एरवी तिनं मला चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी ती मटकन स्टुलावर बसली.

"वन्सं, मला वासच येत नाही हो. चवही नाही. काहीही खाल्लं तरी कापूस चावल्यासारखं वाटतं."

मी खोदून विचारलं, तेव्हा कळलं की ती गुपचूप डॉक्टरांकडे जाऊन आली होती. डॉक्टर म्हणाले होते की येईल परत, पण वेळ लागेल. आणि वेळच तर नव्हता. थिएटर रंगरंगोटीसाठी बंद होतं. मालकीणबाईंनी नवं मशीन घेतलं होतं आणि एका कंपनीचे तयार मसालेही मागवले होते. वहिनीला त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "पहिल्या शोला तुझा मसाला आणि कंपनीचा मसाला शेजारी शेजारी ठेवू. लोकांना जो आवडेल तो राहील." म्हणजे तिनं उभा केलेला काउंटर एका दुपारीत जाणार किंवा राहणार होता.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "तुमची जीभ मला द्या."

"माझी जीभ? तिच्या नावानं तर तू आजवर बोटं मोडत आलीस!"

"म्हणूनच. तुमच्या दादांना मेण दिलं तरी ते छान म्हणतात. मला छान नकोय. तुम्ही नावं ठेवा. नाव ठेवायला जागा उरली नाही, की मी थांबेन."

आता एखाद्या नणंदेला याहून मोठा मान कोण देणार? मी पदर खोचूनच कामाला लागले.

सगळ्यात आधी मी डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. मग रोज सकाळी आमची जुंपायची. बोटं तिची, जीभ माझी. मी म्हणायचे, "लसूण करपलाय." ती म्हणायची, "करपलाय म्हणजे कसा? आधी लागतो की मागून?"

"करपलाय म्हणजे करपलाय!"

"वन्सं, अर्धवट बोलू नका. डोळे मिटा आणि नीट सांगा."

असं मला आजवर कुणी दटावलं नव्हतं. पण डोळे मिटून खाल्लं तेव्हा कळलं, की चवी एकदम येत नाहीत. मीठ पुढे धावतं, आंबट मागून येतं आणि लसूण सगळ्यात शेवटी घशाशी रेंगाळतो. मग मी तसं सांगू लागले आणि ती तसा मसाला हलवू लागली. एकदा मी शहाणपणा केला. "साल कशाला दळत बसतेस? लिंबूच पिळू की!" म्हटलं आणि पिळलं. डोळ्यांदेखत पॉपकॉर्न ओल्या कागदासारखे बसले. वहिनी पोट धरून हसली. तापातून उठल्यापासून ती पहिल्यांदाच हसली, म्हणून मी राग गिळला. आंबटपणा सालीतूनच आणायचा, ओल्याला पॉपकॉर्नच्या जवळ फिरकू द्यायचं नाही, हे मात्र मी जन्मभरासाठी शिकले.

आणि तो दिवस उजाडला. दुपारचा शो, नव्या रंगाचा वास, दारापर्यंत रांग. एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला कंपनीचा माणूस. सभ्य होता बिचारा, कडक इस्त्रीचा शर्ट आणि समोर झगझगीत पाकिटं. मधे नवं कोरं मशीन, दोघांना पॉपकॉर्न त्यातलेच, आणि ते चालवायला थिएटरचा मशीनवाला. वहिनीनं गरमागरम पॉपकॉर्न पातेल्यात घेतले, वरून मसाला भुरभुरला, पातेलं झोकात उडवलं आणि पहिली मूठ माझ्यापुढे धरली.

"खारट!" मी म्हणाले. माझा आवाज काही बारीक नाही. रांगेतल्या शेवटच्या माणसानंही ऐकलं.

दादानं माझं कोपर दाबलं. "अगं हळू! चारचौघांत काय हे? बाईसाहेब बघतायत!"

"बघू देत. खारट म्हणजे खारट. खोटं बोलू का?"

मालकीणबाईंच्या भुवया वर गेल्या. दुसरी कुणी असती तर तिथेच रडली असती. वहिनी माझ्याजवळ आली आणि शांतपणे म्हणाली, "डोळे मिटा. आधी लागतं की मागून?"

मी डोळे मिटले. "आधी. मसाला लागायच्याही आधी. अगं, मसाला बरोबर आहे! पॉपकॉर्नच खारट आहेत!"

वहिनी तडक मशीनवाल्याकडे वळली. "भांड्यात काय घातलंत?"

"मशीनबरोबर बटर आलंय ना, तेच."

ते खारवलेलं बटर होतं! वहिनीनं भांडं रिकामं करायला लावलं, स्वतः पुसलं, साधं तेल घातलं आणि नवे दाणे टाकले. रांग कुरकुरू लागली. कंपनीच्या माणसाच्या पिशव्या मात्र भराभर चालल्या होत्या. तेवढ्यात ही बाई त्याला हाक मारते, "अहो, थांबा. ते पॉपकॉर्न खारट आहेत, तुमचा मसाला बिघडेल. यातले घ्या."

माझा तर संताप झाला. "वहिनी, डोकं फिरलंय का तुझं? त्याला कशाला सांगायचं?"

"मला मिठाच्या जोरावर जिंकायचं नाहीये, वन्सं," ती म्हणाली आणि पातेलं पुन्हा उडवलं. "हं, खा."

मी खाल्लं. खोट शोधली, अगदी मनापासून शोधली. पण मागे माणसं ओरडत होती. "दे लोकांना," एवढंच म्हणाले. तिचा चेहरा जरा उतरला, पण हात थांबले नाहीत.

शो सुरू झाला. मध्यंतराची घंटा झाली आणि काय सांगू, लोक धावत आले ते थेट वहिनीकडे! कंपनीच्या माणसासमोरची रांग बघता बघता इकडे वळली. शेवटी तो स्वतःच पिशवी घेऊन रांगेत उभा राहिला. "काकू, मलाही द्या," म्हणाला. आणि वहिनीनं त्याची पिशवी काठोकाठ भरली.

शो सुटल्यावर सफाईवाल्या मावशींनी पिशव्यांचा ढीग आणून टाकला. वहिनी नेहमीसारखी खाली बसली आणि एकेक उघडून बघू लागली. मालकीणबाईही तिच्या शेजारी उकिडव्या बसल्या. कंपनीच्या पिशव्यांच्या तळाशी केशरी भुकटी साठली होती. आमच्या पिशव्या मात्र कोऱ्या. मसाल्याचा कण नाही, एक दाणा नाही.

"पाकिटं परत पाठवा," मालकीणबाई मशीनवाल्याला म्हणाल्या. मग वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काउंटर तुझाच. आणि ही तुझी नणंद आहे ना, तिलाही रोज आणत जा."

माझी छाती अशी फुगली की विचारू नका. पण वहिनीचं लक्ष तिकडे नव्हतंच. पातेल्यात उरलेली शेवटची मूठ तिनं माझ्यापुढे धरली. "आता घाई नाही. नीट सांगा."

मी डोळे मिटून सावकाश चावलं. मीठ पुढे, आंबट मागून, लसूण शेवटी, जिथल्या तिथे. माझे डोळे भरून आले, आणि ते काही तिखटानं नव्हे.

"वहिनी," मी म्हणाले, "नाव ठेवायला जागा नाही."

"अहो, ऐकलंत का!" ती दादावर एवढ्यांदा ओरडली की रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमला. "वन्सं म्हणाल्या! नाव ठेवायला जागा नाही म्हणाल्या!"

मग माझ्या हातातले राहिलेले दाणे तिनं उचलले आणि एकदम तोंडात टाकले. मिटल्या डोळ्यांनी, मान डोलावत, चवीनं खात राहिली. दादा चक्रावलाच. "अगं, तुला चव लागतेय का?"

"नाही," ती खुशीत म्हणाली. "पण वन्सं म्हणाल्या ना, मग झकासच असणार."