फरफटत नेलेला जवान

२०२४ साल. माझं वय अठ्ठ्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत, पुढे पलटण आणि पेन्शनीनंतर सांडोर गावची केळीची वाडी. नाचातलं मला कळत नाही. पण नात जवानांच्या आयुष्यावर नाच बसवतेय म्हटल्यावर महिनाभर तिच्या प्रश्नांना उत्तरं दिली. बूट कसे घालायचे, पहाऱ्यावर झोप आली तर काय करायचं, सगळं. आणि जे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. डोंगरावरच्या चौकीत माझा जोडीदार तापानं गेला. आम्ही चौघांनी त्याला कांबळ्यात घालून खाली आणला. सकाळी निघालो, दिवस कलला तेव्हा पोचलो. वाटेत विसावा घ्यायचा तर एकाच्या मांडीवर डोकं, दुसऱ्याच्या मांडीवर पाय. जमिनीला टेकू दिला नाही. पोरगी ऐकताना रडली होती.

खेळाला मी इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसलो. आठ पोरी, अंगात मातकट कपडे. गाणं नाही, नुसता बुटांचा आवाज. खोटं कशाला बोलू, पहाऱ्याचा भाग बघून अंगावर काटा आला. मग एक पोरगी मेली. माझ्या नातीनं तिचा एक पाय धरला, दुसरीनं दुसरा, आणि तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत फरफटत नेली. डोकं फळ्यांवर घासत होतं.

माझ्याच्यानं राहवलं नाही. उभा राहिलो आणि ओरडलो, "उचला त्याला! ओढता काय? उचला!"

लोकांना वाटलं, हेही खेळातलंच. टाळ्या वाजवल्या! माझं डोकं अजूनच फिरलं. अरे, आमच्याकडे केळीचा घडसुद्धा कुणी फरफटत नेत नाही, साल काळी पडते म्हणून खांद्यावरून नेतात. आणि हा तर माणूस. पलटणीचा माणूस!

घरी आल्यावर बायको म्हणाली, "नाटकात काम हवं होतं तर आधी मागायचं. पोरीनं दिलं असतं."

नात हसली नाही. चपलाही न काढता दारात उभी. "आजोबा, सगळ्यांसमोर लाज काढलीत माझी. उद्या शेवटचा खेळ आहे. येऊ नका."

"येत नाही. पण तू मला विचारून घेतलंस ना सगळं? मांडीवर डोकं ठेवलं होतं, ते सांगितलं होतं ना तुला?"

"ते प्रतीक आहे, आजोबा. व्यवस्था माणसाला कशी ओढते, ते दाखवायचं होतं."

"व्यवस्थेला दाखव ना मग ओढताना! मित्राचे हात कशाला लावतेस? पाय धरणारी तू होतीस."

ती खाली बसली आणि चपलेचा पट्टा सोडता सोडता हळूच म्हणाली, "उचलायचंच होतं. पहिल्यापासून तसंच बसवलं होतं. आम्हाला जमत नाही. दोनदा पाडली तिला. दुसऱ्यांदा पाठ दुखावली तिची. मग आमच्या नाचाच्या बाई म्हणाल्या, ओढा."

म्हणजे प्रतीक वगैरे मागाहून चिकटवलेलं! राग गेला नाही माझा, अजूनही नाही. जमत नव्हतं तर घरात विचारायचं होतं. ज्यानं उचलला तो माणूस समोर चहा पीत बसलेला असतो. पण म्हाताऱ्याकडून फक्त गोष्ट घ्यायची, काम शिकायचं नाही, असं कोणी ठरवलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंकेतून पलटणीचं कांबळं काढलं आणि रिक्षा करून पापडीला त्यांच्या सरावाच्या हॉलवर गेलो. नात बघतच राहिली. बाईंना नमस्कार केला, परवानगी मागितली नाही. कांबळ्याच्या कडा गुंडाळून मूठ कशी धरायची, ते दाखवलं. गुडघे वाकवा, पाठ नको, आणि चौघी एका आवाजावर उठा. मग त्याच कांबळ्यावर उताणा पडलो आणि नातीला म्हणालो, "तू डोक्याकडे ये. पाडलंत तर परत पहिल्यापासून. चला, उचला."