सतरा नंबरचा फॉर्म

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. परवा भाईंदरला आमच्या जुन्या शाळेच्या गेटवर ‘निकाल शंभर टक्के’चा बॅनर दिसला आणि डोकंच फिरलं.

शंभर टक्के कसा लागतो, माहितीये? निदान आमच्या वेळी, दोन हजार पाचच्या सुमाराला, कसा लागायचा ते सांगते. नववीतच कच्ची मुलं हेरायची, दाखला हातात द्यायचा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचा. मग ते पोर दहावीला बाहेरून बसतं. नापास झालं तरी शाळेला काय?

हर्षला कच्ची नव्हती. खारीगावातली, माझ्याच बाकावरची. धडे तोंडपाठ — पण पेपरच्या सकाळी पोटात गोळा, उलट्या, हात इतके थरथरायचे की पेन धरवायचं नाही. दोन पेपर कोरे गेले आणि तिचं नाव कच्च्यांच्या यादीत आलं.

तिची आई शाळेत आमच्या वर्गाच्या बाईंकडे आली. “पोर माजी खोटं न्हाय बोलत, बाई. तिला खरंच तरास हाय.”

बाईंनी मला बोलावलं — मॉनिटर ना मी. “तू शेजारी बसतेस. हिला खरंच काही होतं का गं?”

हो म्हणायचं होतं, एवढंच. आणि मी काय म्हणाले?

“नाही बाई. नाटक करते.”

त्या बाईंचा मला अजून संताप येतो. एका चौदा वर्षांच्या मुलीची उलटी खरी की खोटी, हे दुसऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला विचारतात? पण — विचारलं मला होतं. आणि मला माहीत होतं. कारण पेपरच्या सकाळी शाळेच्या बाथरूममध्ये आम्ही दोघी असायचो. मीही ओकायचे. हर्षला माझ्या वेण्या मागे धरून उभी राहायची. तिचं खरं आहे म्हटलं, तर ‘तुला कसं माहीत?’ विचारतील, माझंही ओकणं उघडं पडेल आणि यादीत पुढचं नाव माझं येईल — या भीतीने मी तिला खोटं पाडलं.

ती तिथेच उभी होती. ‘हीसुद्धा ओकते’ — एवढं म्हणाली असती तरी पुरलं असतं. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. आईने अडखळत फॉर्मवर सही केली.

दहावीच्या परीक्षेला हर्षला बसलीच नाही. आमचा निकाल शंभर टक्के लागला. गेटवर बॅनर लागला, त्यात माझाही फोटो होता, दोन वेण्या घातलेला.