पहिला डाव देवाचा

सानगडीचे भोजराज मास्तर साकोलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत आणि उरलेल्या वेळात भिंतीतून किती कण बाहेर येतात ते मोजत. किरणोत्सर्गाचे कण. भिंत कागदावरची, कणही कागदावरचे. पण मास्तर इतक्या काळजीनं बोलायचे, की अर्ध्या गावाला वाटे, यांच्या घरी कुठंतरी गळतंय.

आपली रीत ते धानाच्या बांधीवर, म्हणजे भातखाचराच्या कडेला, बसून समजावत. "पाटाचं पानी या बांधीतून त्या बांधीत किती गेलं, ते गणित सांगते. पण त्यातली एक मासोळी कुठं जाईल? ते तिले बी माहीत नाही. तिथं नशीबच काढा लागते." कण भरमसाट असतील तिथं समीकरण, मोजकेच उरले आणि भिंत वाकडी निघाली, की चिठ्ठी. या दोघांचं लग्न लावणं हा मास्तरांच्या पीएच.डी.चा विषय.

त्र्याऐंशीच्या जूनमधल्या एका गुरुवारी नागपूरच्या संगणकावर त्यांना अर्धा तास मिळाला होता. पुढची पाळी दिवाळीनंतर, आणि पीएच.डी.ची मुदत जुलैअखेर. त्याआधी रीत हातानं पडताळायची होती. सरळ भिंतीचं उत्तर नुसत्या समीकरणानंही निघतं. चिठ्ठ्यांचं उत्तर त्याच्याशी जुळलं, तरच वाकड्या भिंतीला हात लावायचा.

नशीब काढायला बसल्या मास्तरांच्या आई कुंताबाई आणि शेजारच्या शकुनबाई. फरशीवर खडूची घरं, कण म्हणून चिचोके आणि गाडग्यात शंभर चिठ्ठ्या. चाळिसांवर काजळाचा ठिपका. तो निघाला की कण भिंतीनं गिळला. साठांवर बाण, त्याप्रमाणं एक घर पुढं नाहीतर मागं. चिठ्ठी परत गाडग्यात. पहिल्या दिवशी दोघींनी कुरकुर केली. चौथ्या दिवशी स्वयंपाक लवकर उरकू लागल्या.

दीड महिन्यात दोन हजार शंभर चिचोके निघाले. समीकरणाच्या मते एकशे पाच पार जायला हवे होते. गेले एकशे पंचेचाळीस! मास्तरांनी समीकरण तीनदा नव्यानं मांडलं, जेवण अर्धं केलं. शेवटी गुरुवार तीन दिवसांवर आला, तेव्हा ते स्वतः गाडग्यापाशी येऊन बसले.

शकुनबाईंनी नवा चिचोका ठेवला. पहिलीच चिठ्ठी काळी. त्यांनी ती मुकाट्यानं गाडग्यात टाकली आणि दुसरी काढली.

"हे काय वो, शकुनबाई?"

"पहिला डाव देवाचा ना गा!" उत्तर कुंताबाईंनी दिलं. "पहिल्याच पावलाले मराले तो का पाप करून आला?"

"माय, असं किती वेळा देता?"

"एकदाच. आमी का लबाड हाओ? दुसऱ्यांदा काळी आली तं मेला."

"सगळ्यायले?"

"तं! देव का एकाचाच हाये?"

मास्तरांनी डोकं धरलं. तीन दिवसांत पुन्हा दोन हजार चिचोके कोण चालवणार? मग हळूच त्यांनी डोकं सोडलं. एकदाच, आणि सगळ्यांना! म्हणजे दया होती, पण शिस्तीतली. पहिल्या पावलावर शंभरातले साठ जगायचे, ते दुसऱ्या चिठ्ठीवर आणखी चोवीस वाचून चौऱ्याऐंशी जगले. तर मग पार गेलेला प्रत्येक चिचोका पूर्ण न धरता चौऱ्याऐंशीला साठ, म्हणजे पाच सप्तमांश धरायचा. एकशे पंचेचाळिसांचे झाले एकशे तीन आणि वर थोडं. नशिबाच्या खेळात एवढा फरक चालतो.

मास्तरांनी तर पुढं जाऊन ही देवाची सवलत प्रोग्रॅममध्येच घातली. प्रत्येक कणाची किंमत तेवढी कापून का होईना, जास्त कण पार पोचतात आणि अर्ध्या तासात भरवशाचं उत्तर निघतं. गुरुवारी प्रोग्रॅमच्या भोकं पाडलेल्या कार्डांचा डबा मांडीवर घेऊन ते पहिल्या एस.टी.नं नागपूरला गेले. सव्विसाव्या मिनिटाला वाकड्या भिंतीचं उत्तर छापून आलं.

संध्याकाळी दोघी दारातच उभ्या होत्या.

"मंग? किती जाड पायजे भिंत?"

"दोन हात," मास्तर छाती फुगवून म्हणाले.

शकुनबाई कुंताबाईंकडं पाहून म्हणाल्या,

"तेवढी तं आमच्या बैलायच्या कोठ्याची हाये. मले पुसलं असतं तं म्या पहिल्याच दिवशी सांगतलं असतं!"